अहवालात न मावलेल्या बायका

सरपंच नकोसा झाला तर त्याला खुर्चीवरून उतरवायची वाट ग्रामपंचायतीच्या कायद्यात आहे. पूर्वी तिची रीत अशी होती: एक तृतीयांश सदस्यांनी तहसीलदाराकडे नोटीस द्यायची, तहसीलदारानं सात दिवसांच्या आत विशेष सभा बोलवायची आणि दोन तृतीयांश सदस्यांनी अविश्वास ठरावाच्या बाजूनं मत दिलं की सरपंचपद गेलं. कित्येक वर्षं हा नियम सगळ्यांना सारखाच होता. पुढे त्यात एक वाक्य वाढलं. पद महिलेसाठी राखीव असेल आणि त्यावर महिला बसलेली असेल, तर तिच्याविरुद्धचा ठराव तीन चतुर्थांश मतांशिवाय मंजूर होणार नाही, असं ते वाक्य. कायद्यात असं वाक्य उगाच येत नाही. त्याआधी किती गावांत किती बायकांना वर्षाच्या आत घरी पाठवलं असेल, त्यांच्यावर कसले आळ घेतले असतील, कोणत्या कोऱ्या कागदावर त्यांचा अंगठा उठवून घेतला असेल, याचा हिशेब राजपत्रात छापलेला नसतो.

तो हिशेब एका कादंबरीत सापडतो. ‘ब्र’ हे तिचं नाव. राजहंस प्रकाशनानं ती २००५ मध्ये काढली. ती लिहिणाऱ्या कविता महाजन आपल्या नांदेडच्या.

‘आपल्या नांदेडच्या’ असं मी मुद्दाम लिहितो आहे. कारण नांदेडच्या साहित्याचा विषय निघाला की आपण नरहर कुरुंदकरांपाशी येतो आणि तिथेच थांबतो. कुरुंदकरांचं मोठेपण वादातीत आहे. पण ज्या गावानं त्यांना मानलं, त्याच गावात ५ सप्टेंबर १९६७ रोजी जन्मलेली एक मुलगी पुढे मराठी कादंबरीत कोणी न आणलेली माणसं घेऊन आली, ही गोष्ट आपल्या बोलण्यात फारशी येत नाही. शाळा-कॉलेजांत तिच्या नावाचा उल्लेख झाला तर तो ‘स्त्रीवादी लेखिका’ या दोन शब्दांत उरकला जातो. हे दोन शब्द खरे आहेत, पण तेवढ्यानं काहीच कळत नाही.

त्या जन्मल्या तेव्हा मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटून एकोणीस वर्षं होत आली होती. नांदेडात पीपल्स कॉलेज १९५० साली निघालं, औरंगाबादला विद्यापीठ १९५८ साली आलं. उर्दू माध्यमातून शिकलेल्या किंवा मुळीच न शिकलेल्या पिढीच्या मुली मराठीतून पदव्या घेऊ लागल्या त्या याच दोन दशकांत. कविता महाजन यांचं शिक्षण नांदेड आणि औरंगाबाद इथलं, आणि तेही मराठी विषय घेऊन एम. ए. पर्यंत. सुरुवात कवितेनं झाली. ‘तत्पुरुष’, ‘धुळीचा आवाज’, ‘मृगजळीचा मासा’ हे त्यांचे संग्रह. कादंबरीकार म्हणून नाव झाल्यावरही त्यांनी कविता सोडली नाही. ‘समुद्रच आहे एक विशाल जाळं’ हा संग्रह पुढे आला. गोदावरी गंगाखेडहून नांदेडकडे येते, आणि गंगाखेड जनाबाईचं गाव. आपल्या भागात बाईनं कविता करण्याला सात शतकांचा आधार आहे. पण जनाबाईच्या ओव्या जात्यावर टिकल्या. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका आदिवासी सरपंच बाईनं काय भोगलं, हे कोणत्या जात्यावर टिकणार होतं?

कविता महाजन मराठवाड्यातून निघाल्या आणि बरीच वर्षं वसईत राहिल्या. वसईच्या पलीकडे तेव्हाचा ठाणे जिल्हा डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा असा डोंगरात चढत जात होता. पालघर वेगळा जिल्हा झाला तो २०१४ च्या १ ऑगस्टला. मुंबईपासून शे-दीडशे किलोमीटरवर असलेल्या या पट्ट्यात १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली, तेव्हा कुठे राज्याचं लक्ष तिकडे गेलं. या भागात स्वयंसेवी संस्थांची कामं वाढली. त्या कामांच्या निमित्तानं कविता महाजन पाड्यापाड्यांवर फिरल्या, बायकांशी बोलल्या, टिपणं केली.

या भूमीनं मराठीला आधीही एक मोठं पुस्तक दिलं होतं. गोदावरी परुळेकर १९४५ मध्ये वारली वेठबिगारांच्या लढ्यात उतरल्या आणि त्या अनुभवावर त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिलं. ते १९७० साली आलं आणि त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. परुळेकरांना समोर जमीनदार दिसत होता, त्याचा चाबूक दिसत होता. शत्रू ओळखू येत होता. अर्ध्या शतकानंतर कविता महाजन त्याच डोंगरात गेल्या तेव्हा वेठबिगारी कायद्यानं संपली होती, पाड्यावर शाळा होती, अंगणवाडी होती, ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर आदिवासी बाईच बसली होती. आणि तरीही ती बाई बोलू शकत नव्हती. इथे शत्रू कोण? नवरा, दीर, ग्रामसेवक, पक्षाचा तालुकाध्यक्ष, दारूच्या गुत्त्याचा मालक, की तिच्यावर ‘सक्षमीकरणा’चा प्रकल्प चालवणारी संस्था? परुळेकरांच्या पुस्तकाला लढ्याची सरळ रेषा मिळाली. महाजनांना ती मिळणार नव्हती, आणि त्यांनी ती ओढूनताणून आणलीही नाही.

त्यांनी वारली लोकगीतं गोळा केली, ‘वारली लोकगीते’ या नावानं ती छापली. हे काम कादंबऱ्यांच्या मागे झाकलं गेलं आहे, पण मला ते पायाभरणीचं वाटतं. वारल्यांचं लग्न धवलेरी लावते. ती बाई असते, आणि ती गाते म्हणून लग्न लागतं. भटजीच्या जागी बसलेली गाणारी बाई! भिंतीवरचा चौक बायका लिहितात, त्यात पालघट देवी बसवतात. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण जिला ओळखतो ती तेराव्या शतकातली महदंबा. तिची रचनाही धवळ्यांचीच, म्हणजे लग्नगीतांचीच. अशा गाणाऱ्या बायकांसमोर वही घेऊन बसलेल्या माणसाला एक गोष्ट कळल्यावाचून राहत नाही. जी बाई ग्रामसभेत तोंड उघडत नाही, तिच्याजवळ भाषा नाही असं नसतं. भाषा भरपूर असते. तिला विचारणाऱ्याजवळ वेळ नसतो.

‘ब्र’ची नायिका प्रफुल्ला. मोडलेल्या संसारातून बाहेर पडलेली, शिकलेली, शहरी बाई. संस्थेत नोकरी धरते आणि तिच्यावर काम येतं ते आदिवासी भागातल्या महिला सरपंचांचे अनुभव गोळा करण्याचं. एवढंच कथानक. पण ती एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जाते तशी कादंबरीत बायकांची रांग लागते. एकीवर अविश्वास आलेला, एकीनं हिंमत करून दारूबंदीचा ठराव मांडलेला, एकीला आपण सरपंच आहोत हेच उशिरा कळलेलं. कोणी लेकराला पाजत बोलते, कोणी नवरा उठून जाईपर्यंत गप्प बसते. प्रफुल्ला मदत करायला निघालेली असते, आणि हळूहळू तिला दिसतं की तिच्या स्वतःच्या घरात तिची अवस्था या बायकांहून फार वेगळी नव्हती.

या कादंबरीतलं सगळ्यात धाडसाचं काम मात्र वेगळंच आहे, आणि समीक्षेत त्याची दखल कमी घेतली गेली. कविता महाजन यांनी संस्थांच्या जगाला आतून उघडं केलं. प्रकल्पाचा पैसा कुठून येतो, अहवालात किती ‘केस स्टडी’ लागतात, कोणत्या बाईची कहाणी पाहुण्यांसमोर ठेवायची आणि कोणतीची नाही, कार्यकर्तीला पगार किती आणि संस्थाचालकाची गाडी कोणती, हे सगळं तिथे आहे. आपण ज्या क्षेत्रात वावरलो, ज्यातली माणसं आपल्या ओळखीची, त्याच क्षेत्राबद्दल असं लिहायला मोठी किंमत मोजावी लागते. ही टीका बाहेरून दगड मारणाऱ्याची नाही. गावात कोणी तरी जायला हवं, बायकांशी बोलायला हवं, यावर लेखिकेचा विश्वास शेवटच्या पानापर्यंत टिकून आहे. म्हणून ती टीका जिव्हारी लागते.

अहवालाचं एक बरं असतं, त्याला साचा असतो. गावाचं नाव, लोकसंख्या, प्रश्न, उपाय, फलित. या साच्यात बाईनं तीन बैठका घेतल्या हे बसतं. तिसऱ्या बैठकीच्या रात्री तिला मार पडला हे बसत नाही, आणि मार खाऊनही ती चौथ्या बैठकीला का आली हे तर मुळीच बसत नाही. कविता महाजन यांची कादंबरी म्हणजे या न बसलेल्या मजकुराचं घर आहे. त्यांच्या लेखनाबद्दल एकच गोष्ट सांगायची असेल तर मी हीच सांगेन.

आता ही आदिवासी पाड्यांवरची गोष्ट आहे, आमच्या भागाचा तिच्याशी काय संबंध, असं कोणी म्हणेल. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट भागात गोंड, कोलाम, आंध, प्रधान या समाजांची गावं आहेत. तिथली कित्येक गावं अनुसूचित क्षेत्रात येतात आणि तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. म्हणजे जंगल, पाणी, दारूचं दुकान याबद्दल ग्रामसभेला बोलायचा अधिकार कागदावर आहे. पण किनवटपर्यंत जायचीही गरज नाही. लोहा, कंधार, औसा, निलंगा, कुठल्याही तालुक्यातल्या ग्रामपंचायतीत जाऊन बसा. भिंतीवरच्या फळ्यावर सरपंच म्हणून बाईचं नाव असतं. टेबलामागे गृहस्थ बसलेले असतात आणि गाव त्यांनाच ‘सरपंच’ म्हणून हाक मारतं. चौकातल्या फ्लेक्सवर बाईचा फोटो नवऱ्याच्या फोटोच्या अर्ध्या आकाराचा. मासिक सभेचं प्रोसिडिंग बुक सहीसाठी घरी जातं, स्वयंपाकघरात सही होते आणि परत येतं. घरकुलाची यादी, पाणंद रस्ता, टँकरची मागणी, सगळ्यावर तिची सही असते आणि उद्या चौकशी लागली तर नोटीसही तिच्याच नावानं निघते.

आणि तरीही बदल झाला आहे, हे मी तितक्याच जोरानं सांगेन. महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांत बायकांना तीस टक्के जागा दिल्या त्या १९९० मध्ये. ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली २४ एप्रिल १९९३ रोजी आणि एक तृतीयांश जागा व पदं घटनेनंच राखली. त्यानंतर पाच महिन्यांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली कितीतरी गावं त्या पहाटे ढिगाऱ्यात गेली. घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम सरकारनं हाती घेतला तेव्हा स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावातल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. प्रेमा गोपालन यांनी घडवलेली ही संस्था. शेकडो गावांत, ज्या बायका तोवर परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हत्या, त्या इंजिनिअरकडून सिमेंटचं प्रमाण समजून घेऊ लागल्या, घरमालकाला हप्ता कधी मिळणार ते सांगू लागल्या, कामात कुचराई दिसली तर बोलू लागल्या. माझ्या मते लातूर भागातल्या बाईच्या सार्वजनिक जीवनाची ही खरी सुरुवात आहे. कायद्यानं दार उघडलं आणि भूकंपानं बाहेर पडणं भाग पाडलं. यातल्या बायका पुढे बचत गटांत आल्या, ग्रामपंचायतीत आल्या. २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आज गावातली कॉलेजला जाणारी मुलगी बाई सरपंच बघतच मोठी झालेली आहे. तिला त्यात नवल वाटत नाही.

किल्लारीवर पुस्तकं निघाली, सरकारी अहवाल निघाले, जागतिक बँकेच्या कागदपत्रांत आपल्या गावांची नावं आली. पण सिमेंटचं प्रमाण शिकलेल्या त्या बायकांवर ‘ब्र’सारखं पुस्तक आलेलं नाही. ही उणीव मला फार टोचते.

‘ब्र’ गाजली. दुसरी लेखिका असती तर तिनं तोच सूर आणखी दोन कादंबऱ्या चालवला असता. कविता महाजन यांनी २००७ मध्ये ‘भिन्न’ आणली आणि वाचकाला त्याहून अवघड जागी नेऊन उभं केलं. रचिता शिर्के ही तिची नायिका. तिला एचआयव्हीची लागण झालेली आहे. इथून कादंबरी दवाखाने, संस्था, अनाथ मुलांची वसतिगृहं, देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या वस्त्या, अशी फिरत जाते. भाषा सोवळी नाही, शिव्या आहेत, शरीर आहे, घाण आहे. अनेक वाचकांनी पुस्तक मध्येच मिटलं, हे मी जवळून पाहिलं आहे. मला स्वतःला ‘भिन्न’ ही ‘ब्र’पेक्षा जड वाटते, काही प्रकरणांत माहितीचा लोंढा माणसांवर चढतो. पण हा लोंढा त्या वेळी कुठेच वाहत नव्हता, हेही खरं आहे.

ती वेळ ध्यानात घ्यायला हवी. सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीवरची एआरटीची औषधं मोफत मिळू लागली १ एप्रिल २००४ पासून, आणि तीही सुरुवातीला मोजक्याच ठिकाणी. ट्रकच्या धंद्यातला, बांधकामावर मुंबई-पुण्याला गेलेला नवरा आजार घेऊन यायचा, मरायचा, आणि सासरचे सुनेला म्हणायचे, हिनंच आमच्या पोराला खाल्लं. जमिनीत वाटा नाही, घरात जागा नाही, माहेरी तोंड दाखवायची सोय नाही. मूलही तोच विषाणू घेऊन जन्मलेलं. ‘भिन्न’मध्ये जे आहे ते मराठवाड्याच्या वाचकाला परकं वाटायचं कारण नव्हतं.

ज्या वर्षी ‘भिन्न’ आली त्याच वर्षी, २००७ मध्ये, औसा तालुक्यातल्या हासेगावात रवी बापटले यांनी ‘सेवालय’ सुरू केलं. एचआयव्हीसह जन्मलेल्या आणि घरच्यांनी दूर लोटलेल्या मुलांचं ते घर. पुढे ही मुलं शाळेत जाऊ लागली तेव्हा गावातल्या पालकांनी आपली मुलं त्यांच्या शेजारी बसवायला नकार दिला. हासेगावची ती बातमी देशभर पोचली, प्रशासनाला मध्ये पडावं लागलं. आज सेवालयातली मुलं मोठी झाली आहेत, तिथे लग्नंही लागली आहेत. कादंबरीनं जे प्रश्न विचारले ते लातूर जिल्ह्यातल्या एका माळरानावर तेव्हाच, रोजच्या रोज, जगून सोडवले जात होते. एचआयव्हीग्रस्तांशी शाळेत, नोकरीत, दवाखान्यात भेदभाव करण्याला मनाई करणारा कायदा संसदेनं २०१७ मध्ये केला आणि तो अमलात आला १० सप्टेंबर २०१८ रोजी.

त्यानंतर सतराव्या दिवशी, २७ सप्टेंबरला, कविता महाजन गेल्या. पुण्यात, न्यूमोनियाच्या आजारात. एक्कावन्न हे काही जायचं वय नव्हतं.

कार्यकर्तीनं लेखक व्हावं की लेखकानं कार्यकर्ता व्हावं, या प्रश्नाचं एक टोक महाजनांकडे, तर दुसरं युक्रेनमध्ये दिसतं. विक्टोरिया अमेलिना या तिथल्या लेखिका. १ जानेवारी १९८६ रोजी लविव शहरात जन्मल्या, संगणकाच्या क्षेत्रात नोकरी केली, ती सोडून कादंबऱ्या लिहिल्या, मुलांसाठी पुस्तकं लिहिली. दोनेत्स्क भागात न्यूयॉर्क नावाचं एक छोटं गाव आहे. युद्धरेषेजवळच्या त्या गावात त्यांनी २०२१ मध्ये साहित्य महोत्सव भरवला. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियानं पूर्ण आक्रमण केलं आणि अमेलिनांनी कादंबरी बाजूला ठेवली. युद्धगुन्ह्यांच्या नोंदी करणाऱ्या ‘ट्रुथ हाउंड्स’ या संस्थेबरोबर त्या काम करू लागल्या. रशियन सैन्य मागे हटलेल्या गावांत जायचं, माणसांचे जबाब घ्यायचे, तारीख-वार-ठिकाणासह लिहायचे. मुलांसाठी लिहिणारे वोलोदिमिर वाकुलेंको यांना इझ्युमजवळच्या त्यांच्या गावातून रशियन सैनिकांनी उचलून नेलं आणि ठार केलं. नेण्याआधी त्यांनी आपली डायरी घराच्या बागेत चेरीच्या झाडाखाली पुरली होती. त्यांच्या वडिलांना सोबत घेऊन अमेलिनांनी ती माती उकरून काढली आणि डायरी खारकीवच्या साहित्य संग्रहालयात पोचवली. २७ जून २०२३ रोजी क्रामातोर्स्कमधल्या एका उपाहारगृहावर क्षेपणास्त्र पडलं. कोलंबियाहून आलेल्या लेखक-पत्रकारांसोबत त्या तिथे जेवायला बसल्या होत्या. १ जुलैला त्यांचा मृत्यू झाला, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. युद्धात साक्षी गोळा करणाऱ्या बायकांवरचं त्यांचं अपुरं पुस्तक मागून प्रसिद्ध झालं आणि २०२५ मध्ये त्याला राजकीय लेखनाचा ऑर्वेल पुरस्कार मिळाला.

अमेलिना कादंबरीकडून नोंदीकडे गेल्या, महाजन नोंदीकडून कादंबरीकडे आल्या. दोघींचं कारण मला एकच दिसतं. अमेलिनांसमोर न्यायालय होतं; उद्या खटला उभा राहणार, त्या वेळी जबाबातला एकही शब्द कल्पित असता कामा नये. महाजनांसमोरच्या बायकांसाठी कोणतंही न्यायालय बसणार नव्हतं. ज्या सरपंच बाईवर खोटा आळ घेऊन तिला उतरवलं, तिचा खटला चालायची जागा वाचकाच्या मनाखेरीज दुसरी नव्हती. आणि खरी नावं लिहिली असती तर त्या बायकांना गावात राहणं मुश्कील झालं असतं. कादंबरीनं त्यांना झाकलं आणि त्यांचं म्हणणं पुढे नेलं.

त्यांची बाकीची पुस्तकं मी इथे भराभर सांगतो, कारण एका लेखात ती मावणार नाहीत. ‘ग्राफिटी वॉल’मध्ये त्या स्वतःबद्दल, लिहिण्याबद्दल, भेटलेल्या माणसांबद्दल मोकळेपणानं बोलतात, ज्यांना कादंबरीची धास्ती वाटते त्यांनी इथून सुरुवात करावी. ‘ठकी आणि मर्यादित पुरुषोत्तम’ ही वेगळ्याच घाटाची कादंबरी. ‘कुहू’ २०११ मध्ये आली. तिच्यासोबत डीव्हीडी होती, चित्रं, संगीत, जंगलातले आवाज असं सगळं कादंबरीचा भाग म्हणून एकत्र केलेलं होतं. मराठीतच नव्हे, भारतीय भाषांत बहुमाध्यमी कादंबरीचा हा पहिलाच प्रयोग मानला जातो. मोबाइलवर सारं काही पाहण्याचे दिवस यायच्या थोडं आधीच तो झाला. आज झाला असता तर त्याचं स्वागत निराळं झालं असतं.

अनुवादाबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. इस्मत चुगताई यांच्या कथा त्यांनी ‘रजई’ या नावानं मराठीत आणल्या आणि त्यासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. ‘लिहाफ’ या कथेवरून चुगताईंवर लाहोरच्या कोर्टात अश्लीलतेचा खटला चालला होता, १९४० च्या दशकात. निजामाच्या राज्यात उर्दू ही आपल्या आजोबांची शाळेची भाषा होती, नांदेडच्या बाजारात ती आजही रोज कानावर पडते. त्या भाषेतली सर्वांत निडर लेखिका मराठीत आणणारी बाई नांदेडची असावी, याचा मला अभिमान वाटतो. याशिवाय मनोविकास प्रकाशनासाठी त्यांनी ‘भारतीय लेखिका’ ही मालिका संपादित केली. वेगवेगळ्या भारतीय भाषांतल्या लेखिकांची पुस्तकं मराठीत आणायची, अनुवादक शोधायचे, हस्तलिखितं तपासायची, पाठपुरावा करायचा. हे काम पडद्यामागचं असतं. त्यात वर्षं जातात, आणि स्वतःची कादंबरी लांबणीवर पडते. युक्रेनमध्ये नतालिया कोब्रिन्स्का आणि ओलेना पचिल्का या दोघींनी १८८७ मध्ये असंच एक काम केलं होतं. फक्त बायकांच्या लेखनाचा एक संग्रह त्यांनी काढला, त्या वेळी दोन साम्राज्यांत विभागलेल्या युक्रेनियन लेखिकांना एका पुस्तकात आणलं. एकटीनं बोलण्यापेक्षा अनेकींना बोलायला जागा करून द्यावी, ही ओढ जगभरच्या अशा बायकांत दिसते.

कविता महाजन यांच्यावर टीकाही झाली. त्या फार उघडं लिहितात, समाजमाध्यमांवर भांडतात, संस्थांची बदनामी करतात, असं म्हटलं गेलं. सार्वजनिक ठिकाणी स्वतःचं मत मांडणाऱ्या बाईला जे ऐकावं लागतं ते सगळं त्यांना ऐकावं लागलं. त्यांनी उत्तरं दिली, कधी तिखट दिली. पण त्यांच्या लेखनाचा तोल त्या भांडणांत गेला नाही, हे आज पुस्तकं पुन्हा वाचताना जाणवतं.

आता नांदेड-लातूरच्या वाचकांकडे माझं एक मागणं आहे. १९९० च्या दशकात आपल्या दोन्ही जिल्ह्यांत राखीव जागांवर पहिल्यांदा सरपंच झालेल्या बायका आज साठी-सत्तरीत आहेत. काही गेल्या. किल्लारीनंतर संवाद सहायक म्हणून काम केलेल्या बायकाही त्याच वयाच्या आहेत. कोणावर अविश्वास आला, कोणी तो परतवला, कोणाला पहिल्या झेंडावंदनाला झेंड्याची दोरीही हातात मिळाली नाही, हे त्यांना आठवतं आहे. नांदेडला विद्यापीठ आहे, लातूरला त्याचं उपकेंद्र आहे, दोन्हीकडे मराठीचे, समाजशास्त्राचे, पत्रकारितेचे विद्यार्थी आहेत. प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्या गावातल्या एका बाईजवळ दोन दुपार बसावं आणि ती सांगेल ते तिच्या बोलीत, न सुधारता लिहून घ्यावं. नवरा उठून जाईपर्यंत थांबायची तयारी ठेवावी. जाण्याआधी ‘ब्र’ वाचावी. गावच्या सार्वजनिक वाचनालयात ती नसेल तर ग्रंथपालाकडे मागणी नोंदवावी, आणि नव्या सरपंचांच्या प्रशिक्षणात वाटल्या जाणाऱ्या पिशवीत नियमांच्या पुस्तिकेबरोबर तिचीही एक प्रत टाकावी.